राघू, राजशुक आणि जिंजीचा पोपट

मराठीत पोपटाला शब्दांची वाण नाही. पोपट, राघू, रावा, मिठू हे घरगुती शब्द. शुक आणि कीर हे संस्कृतातून आलेले आणि ग्रंथांत रुळलेले. एखाद्या वस्तूसाठी भाषेत पुष्कळ शब्द असले की त्या भाषेच्या लोकांनी ती वस्तू बारकाईने पाहिली असावी, असे आपण सहसा गृहीत धरतो. पोपटाच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात एकमेकांशी अतिशय साम्य असलेले दोन पोपट आढळतात. दोन्ही हिरवे, दोन्ही लांब शेपटीचे, दोघांच्याही नरांच्या गळ्यात काळा आणि गुलाबी कंठ, दोन्ही माणसासारखे बोलायला शिकणारे. मराठीतले वरचे सगळे शब्द या दोघांना सरसकट लागू होतात. एवढ्या शब्दांपैकी एकही शब्द त्या दोघांना वेगळे करीत नाही. ही गोष्ट साधी नाही, आणि तिचा परिणाम केवळ भाषेपुरता मर्यादित राहिलेला नाही, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात या दोन पक्ष्यांचा इतिहास मुख्यतः त्यांच्या नावांच्या आधारे पाहायचा आहे.

प्रथम दोन्ही पक्ष्यांची ओळख करून घेऊ. आपल्या अंगणातला, शेतातला, शहरातल्या वडा-पिंपळावरचा नेहमीचा पोपट शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे वजन साधारण १०० ते १४० ग्रॅम भरते. इंग्रजीत त्याचे नाव 'रोझ-रिंग्ड पॅराकीट', शास्त्रीय व्यवहारात 'क्रामेरी'. दुसरा पोपट अंगापिंडाने थोराड. त्याची लांबी ५५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि वजन २०० ते ३०० ग्रॅमपर्यंत, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याची चोच जाड, अवजड आणि संपूर्ण तांबडी. लहान पोपटाची वरची चोच तांबडी असली तरी आपल्या भागात खालची काळसर असते. मोठ्याचा आवाजही अधिक खर्जातला आणि घोगरा. परंतु सर्वांत खात्रीची खूण पंखावर आहे. मोठ्या पोपटाच्या खांद्यावर गर्द तांबडा डाग असतो, नराला आणि मादीलाही. लहान पोपटाला तो कधीच नसतो. इंग्रजीत या मोठ्या पोपटाला 'अलेक्झांड्रिन पॅराकीट' म्हणतात, शास्त्रीय नाव 'युपॅट्रिया'. पक्षीनिरीक्षकांच्या मराठीत तो 'करण पोपट' आहे आणि पक्षीविक्रेत्यांच्या बोलीत 'पहाडी पोपट'.

आता मराठीच्या शब्दांकडे वळू. जात्यावरच्या ओव्यांत आई मुलाला राघू म्हणते, मुलीला मैना म्हणते. शृंगारिक रचनांत राघू-मैना ही प्रियकर-प्रेयसीची जोडी होते. म्हणजे 'राघू' हा शब्द जिव्हाळ्याचा. 'पोपट' हा शब्द मात्र दुसऱ्याच दिशेने गेला. अर्थ न कळता घोकलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतो आणि एखाद्याची फजिती झाली की त्याचा पोपट झाला म्हणतो. 'शुक' हा शब्द व्यासपुत्र शुकाचार्यांच्या नावामुळे वैराग्याशी आणि ज्ञानाशी जोडला गेला. 'कीर' काव्यात, विशेषतः नाकाच्या उपमेत रमला. भाषेने शब्दांची वाटणी केली हे खरे. पण ती पक्ष्यांच्या जातींवरून केली नाही, माणसाच्या मनातल्या भावांवरून केली. माया करायची असली तर राघू, टिंगल करायची असली तर पोपट, आदर दाखवायचा असला तर शुक. झाडावर प्रत्यक्ष बसलेला पक्षी कोणता, हा प्रश्न या वाटणीत कोठेच येत नाही.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात हा मुद्दा सहज पडताळता येतो. येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू एकाच गल्लीत नांदतात. कन्नड घरातला पोपट 'गिळि', तेलुगू घरातला 'चिलुक', उर्दू घरातला 'तोता'. तेलुगूत त्याला 'रामचिलुक' असेही लाडके नाव आहे, आणि आपल्या 'राघू'मध्येही राघवाचीच सावली आहे. दोन भाषांनी एकाच पक्ष्याच्या मुखी एकाच देवाचे नाव दिले, हे या प्रदेशाच्या सांस्कृतिक एकतेचे सुंदर उदाहरण म्हणता येईल. परंतु रोजच्या बोलण्यात या चारही भाषांचे काम एकाच शब्दावर भागते. त्याला भूगोलाचेही कारण आहे. सोलापूरच्या परिसरात उघडे माळ आणि ज्वारीची शेते. मोठ्या ढोलीची जुनी झाडे मुळातच विरळ. भरल्या कणसांवर थव्याने उतरणारा, गोफणीच्या आवाजाने उठणारा आणि पुन्हा येऊन बसणारा पोपट बहुधा लहानच. जुन्या भिंतींची भोके, पडक्या तटांच्या भेगा, रस्त्याकडेच्या झाडांच्या लहान ढोल्या त्याला घरट्यासाठी पुरतात. तो माणसाच्या आधाराने वाढणारा पक्षी आहे. जो पोपट रोज दिसतो त्याचेच नाव सगळ्या पोपटांना लागावे, हे स्वाभाविक आहे.

मग या दोघांतला भेद आपल्या परंपरेत कोणाला ठाऊकच नव्हता काय? तसे दिसत नाही. संस्कृतात 'राजशुक' असा एक शब्द आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात त्याचा अर्थ मानेवर आणि पंखांवर तांबडे पट्टे असलेला एक प्रकारचा पोपट, असा दिला आहे. मानेवरचे तांबडे दोघांनाही असते. पंखांवरचे तांबडे फक्त मोठ्यालाच. आजचा पक्षीनिरीक्षक दुर्बिणीतून जी खूण शोधतो, नेमकी तीच खूण जुन्या कोशपरंपरेने टिपून ठेवली होती. अर्थात, कोणीतरी पक्षी हातात धरून पाहिला होता. परंतु काव्याच्या प्रांतात सर्वत्र संचार 'शुक' आणि 'कीर' यांचाच राहिला. मराठीने संस्कृतातून हे दोन शब्द घेतले, तिसरा घेतला नाही. जो शब्द आपल्याला खरोखर उपयोगी पडला असता तोच मागे राहिला.

पक्षी हातात धरणारा हा माणूस कोण असावा? बहुतेक पारधी किंवा फासेपारधी. मराठी साहित्यात त्याची कला फार लवकर येते. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टान्त आहे. जीव स्वतःच स्वतःचा शत्रू कसा होतो, हे सांगताना ज्ञानेश्वरांनी पोपट पकडण्याच्या नळीचा दाखला दिला आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट येऊन बसतो. त्याच्या अंगाच्या भाराने नळी उलटी फिरते. तो खाली डोके वर पाय असा लोंबकळतो आणि आपल्याला कोणीतरी बांधले आहे अशा समजुतीने नळी अधिकच घट्ट धरून ठेवतो. त्याने पाय सोडले असते तर तो उडून गेला असता. अध्यात्माच्या वर्गात आपण या दृष्टान्तातून भ्रम आणि बंधन यांचा अर्थ सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हा दृष्टान्त म्हणजे तेराव्या शतकात परिचित असलेल्या एका व्यवसायाची नोंदही आहे. अंगभाराने नळी फिरणे हा त्या युक्तीचा प्राण आहे. शंभर ग्रॅमच्या आणि अडीचशे ग्रॅमच्या पक्ष्यासाठी नळी करणाऱ्याला हा भार मनाशी धरूनच काम करावे लागणार. तत्त्वज्ञाला दोन पोपट एकच वाटले तरी चालते. पारध्याला तसे वाटून चालत नाही.

दुसरा पुरावा याहून जुना आणि अधिक करुण आहे. मराठीत 'नॉव्हेल' या वाङ्मयप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतो. हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ग्रंथावरून आले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या ग्रंथातील कथा एका पोपटाच्या तोंडून सुरू होते, याची आठवण मात्र क्वचितच केली जाते. शूद्रक राजाच्या सभेत एक चांडाळकन्या वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते आणि तो आपली हकिकत सांगू लागतो. विंध्याटवीत पंपा सरोवराकाठी एक प्रचंड जुनी सावरी होती. तिच्या ढोल्याढोल्यांतून पोपटांची घरटी होती. एके दिवशी शबरांची सेना शिकार करीत तेथून गेली. मागे राहिलेला एक म्हातारा शबर त्या झाडावर चढला आणि ढोल्यांतली पिले फळे तोडावीत तशी काढून, मारून खाली टाकू लागला. म्हाताऱ्या बापाने वैशंपायनाला पंखाखाली झाकले. बाप मारला गेला, पिलू वाळल्या पानांच्या ढिगावर पडून वाचले.

या प्रसंगातला निसर्ग काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. दाट अरण्य, अतिशय जुने झाड, त्यातील खोल ढोल्या, आणि ढोलीतून पिले काढणारा माणूस: आज मोठ्या पोपटाच्या ऱ्हासाची कारणे सांगताना पक्षीशास्त्रज्ञ हीच यादी देतात. थोराड पक्ष्याला ढोलीही मोठी लागते, आणि मोठी ढोली जुन्याच झाडाला असते. ते झाड तुटले की घरटे गेले. बाणाचा वैशंपायन अमुकच जातीचा होता, असे मला सिद्ध करायचे नाही. काव्यातील पक्ष्याकडून तशी साक्ष मागणे योग्यही नव्हे. परंतु आपल्या भाषेतील एका प्रमुख वाङ्मयप्रकाराचे नाव ज्या कथेवरून पडले, तिच्या मुळाशी ढोलीतून ओढून काढलेल्या पोपटाच्या पिलाची हकिकत आहे, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

पश्चिमेकडेही या पक्ष्यांची कथा नावांच्या गोंधळाचीच आहे. इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने इ. स. पू. ४०० च्या सुमारास माणसासारख्या बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचे वर्णन केले. ते तांबूस डोक्याच्या तिसऱ्याच एका पोपटाला अधिक जुळते. सिकंदर इ. स. पू. ३२६ मध्ये पंजाबात आला. त्याच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याने पोपटाचे वर्णन एक नवल म्हणून केले. पुढे इ. स. च्या दुसऱ्या शतकात एरियनने निआर्कसचा हा मजकूर वापरताना म्हटले की आता आपण स्वतः पुष्कळ पोपट पाहिले आहेत, तेव्हा त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही. पाच शतकांत नवलाची वस्तू ओळखीची झाली होती. मधल्या काळात, पहिल्या शतकात, रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहिले की हा पक्षी भारतातून येतो, सर्वांगाने हिरवा असतो आणि गळ्यात तांबडा पट्टा असतो. पंखावरच्या डागाचा त्याच्या वर्णनात उल्लेख नाही. त्यामुळे रोमन घरांतला पोपट लहान की मोठा, हे त्यावरून ठरत नाही. मोठ्या पोपटाला सिकंदराचे नाव चिकटले ते त्याच्या सैन्याबरोबर हे पक्षी पश्चिमेला गेले या परंपरागत समजुतीमुळे.

शास्त्रीय नामकरणाच्या काळात या कथेचा एक धागा थेट मराठ्यांच्या इतिहासाजवळ येतो. फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ ब्रिसाँ याने १७६० मध्ये मोठ्या पोपटाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले 'जिंजीचा पोपट'. ही जिंजी म्हणजे राजाराम महाराजांनी १६८९ मध्ये जेथे आश्रय घेतला आणि १६९८ मध्ये मोगलांच्या हाती पडेपर्यंत जेथून मराठी राज्याचा कारभार चालला, तीच तामिळ प्रदेशातील जिंजी. १७५० मध्ये तो किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि १७६१ पर्यंत तो त्यांच्याकडे होता. ब्रिसाँचे वर्णन नेमके त्याच काळातले. लिनियसने १७६६ मध्ये ब्रिसाँच्या वर्णनाच्या आधारे या पक्ष्याला 'युपॅट्रिया' असे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा आशय 'थोर कुळातला'. संस्कृत कोशकारांचा 'राजशुक' आणि लिनियसचा 'कुलीन' यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. तरीही दोघांना हा पक्षी पाहून थोरवीच सुचली. ब्रिसाँपर्यंत पोहोचलेला पक्षी जिंजीच्या रानातला होता की तेथील एखाद्या पिंजऱ्यातला, याबद्दल मात्र अभ्यासकांना शंका आहे. अशी शंका घ्यावी लागते हेही बोलके आहे. शास्त्राने या पक्ष्याला पाहिले त्याआधीच तो बाजारात आलेला होता.

लहान पोपटाचे नाव १७६९ मध्ये स्कोपोली याने क्रामर या निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ ठेवले. हा पोपट आफ्रिकेतही राहतो आणि भारतातही. दक्षिण भारतातील त्याच्या उपजातीला 'मॅनिलेन्सिस' म्हणजे मनिलाची असे नाव मिळाले; वस्तुतः फिलिपाइन्स हा त्याचा मूळ प्रदेश नव्हेच. अलीकडे जनुकीय अभ्यासानंतर काही वर्गीकरणकारांनी या पोपटांची जुनी प्रजाती मोडून नवी मांडणी केली. तीत मोठ्या पोपटाला 'पॅलिऑर्निस' म्हणजे 'प्राचीनांचा पक्षी' असे जुने नाव परत मिळाले, आणि 'अलेक्झांड्रिनस' हे प्रजातीनाम गेले लहान पोपटाकडे. ज्याला इंग्रजीत सिकंदराचा पोपट म्हणतात त्याच्या शास्त्रीय नावात सिकंदर नाही, आणि ज्याच्या शास्त्रीय नावात तो आहे त्याला इंग्रजीत कोणी सिकंदराचा म्हणत नाही. शास्त्राची नावेही भाषेइतकीच इतिहासाच्या अपघातांतून घडतात, हे यावरून ध्यानात यावे. फरक एवढाच, की शास्त्राने नाव चुकीचे ठेवले तरी पक्षी दोन आहेत, हे कधी नजरेआड होऊ दिले नाही.

मराठीत ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न सोलापूरच्याच एका लेखकाने केला. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. वनखात्यातील नोकरीमुळे त्यांचे आयुष्य नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत गेले. २००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. ललितलेखक म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. परंतु कोशकार म्हणून त्यांच्या कार्याचे महत्त्व साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अजून पुरेसे ओळखले आहे, असे वाटत नाही. 'पक्षिकोश' रचताना त्यांनी ग्रंथांतील नावांबरोबर आदिवासी, पारधी, धीवर यांच्या तोंडची नावे गोळा केली. कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या जागेसाठी 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुळवले. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादातही त्यांचा वाटा होता. त्यांच्या या कामामागे एक भूमिका दिसते. ज्यांची उपजीविका पक्ष्यावर अवलंबून होती त्यांची भाषा, ज्यांनी पक्ष्याला केवळ प्रतीक केले त्यांच्या भाषेपेक्षा अधिक नेमकी असते. म्हणून शब्द हवे असतील तर त्या लोकांकडे गेले पाहिजे.

या नेमकेपणाची आज गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर या दोन पक्ष्यांच्या सद्यःस्थितीत आहे. लहान पोपट जगभर पसरला आहे. पिंजऱ्यांतून सुटलेल्या त्याच्या पिढ्या १९६९ पासून इंग्लंडात रानटी स्थितीत वीण करीत आहेत. लंडनच्या बागांत आज त्याचे थवे आहेत आणि युरोपातील अनेक शहरांत त्याला उपद्रवी परका मानले जाते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो सर्वांत निर्धोक गटात आहे. मोठा पोपट त्याच यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील गटात आहे. जुनी झाडे तुटली आणि पिलांची चोरी थांबली नाही, ही त्याची मुख्य कारणे. मोठी चोच, भारदस्त रूप आणि स्पष्ट बोलणे यांमुळे बाजारात 'पहाडी'ला अधिक मागणी असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, तरी ही मागणी सरलेली नाही.

अशा वेळी 'पोपट' हा एकच शब्द काय करतो, ते पाहण्याजोगे आहे. 'पोपट काय, पैशाला पासरी आहेत' असे आपण सहज म्हणतो, आणि ते लहान पोपटाबद्दल खरेही असते. पण त्या वाक्याच्या आडून दुसरा पोपट कमी होत जातो आणि वाक्य खोटे ठरत नाही. ज्याला वेगळे नाव आहे त्याची अनुपस्थिती जाणवते. ज्याचे नाव दुसऱ्याच्या नावात मिसळून गेले आहे तो नाहीसा झाला तरी भाषेत पोकळी निर्माण होत नाही. माळढोकाचे तसे झाले नाही. त्याला स्वतःचे नाव होते, म्हणून सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर तो दिसेनासा होऊ लागला तेव्हा तो दिसत नाही, हे निदान बोलता तरी आले. नावाने पक्षी वाचतो असे नव्हे. माळढोकाची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. परंतु शोक करायलाही आधी नाव लागते.

साहित्याच्या अध्यापकाचे काम पक्षीगणनेचे नाही, हे मान्य. ओवीतल्या राघूची जात विचारणे हा रसभंग ठरेल, आणि आईने मुलाला दिलेल्या त्या नावाला पंखावरचा डाग असण्याची काही गरज नाही. मात्र शुकनलिका शिकवताना त्या नळीमागचा हात आणि 'कादंबरी' शब्दाची व्युत्पत्ती सांगताना ती जुनी सावरी आपण विद्यार्थ्यांना दाखवू शकतो. भाषेने भावनांसाठी पोपटाचे सहा शब्द घडवले, हे तिचे वैभव आहे. पक्ष्यासाठी आपण आणखी एकच शब्द सांभाळायचा आहे. तो नव्याने घडवायचीही गरज नाही. पक्षीनिरीक्षक 'करण' म्हणतात, कोशात 'राजशुक' आहे. यांपैकी जो रुचेल तो वापरात आणावा; म्हणजे रानात अजून असलेल्या त्या दुसऱ्या पोपटाला मराठीत स्वतःची जागा मिळेल.